साबणाचा माग लागतो, कामगाराचा का लागत नाही?

ठाण्याहून नाशिककडे निघालो, खारेगावची खाडी ओलांडली की माणकोलीपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या छपरांचा समुद्र सुरू होतो. जुन्या आग्रा रोडने कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ असे आलो तरी तेच दृश्य. मुंबईत आपण सकाळी उठून तोंडात धरतो ती पेस्ट, अंगाला लावतो तो साबण, मुलांच्या डब्यातली बिस्किटे, घरातली फरशी पुसण्याची बाटली, यातला फार मोठा भाग आपल्या घरी येण्याआधी भिवंडीच्या एखाद्या गोदामात मुक्काम करून आलेला असतो. हे गाव मुंबईच्या जकात नाक्याबाहेर होते, म्हणून व्यापाऱ्यांनी माल येथे उतरवला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत. उलट ती वाढली, उंच झाली, त्यांचे 'वेअरहाऊस' झाले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आणि आता नागपूरचा रस्ताही भिवंडी तालुक्यातच येऊन थांबतो. माल वाढला. मालाबरोबर तो उचलणारी माणसेही वाढली. त्या माणसांचे काय झाले, हा आमचा आजचा विषय आहे.

काही काळापूर्वी आमच्या कार्यालयात एक भगिनी आल्या. मूळच्या मराठवाड्यातल्या. गोदामात सहा वर्षे पॅकिंगचे काम. दोन महिन्यांचा पगार बुडालेला, जादा कामाचे पैसे कधीच मिळालेले नाहीत, फंडाचा तर पत्ताच नाही. वकिलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आम्ही विचारले, "ताई, तुमची कंपनी कोणती?" त्या म्हणाल्या, "साहेब, मुकादमाचं नाव सांगू शकते. कंपनीचं नाव कुणी सांगितलंच नाही." नेमणूकपत्र नाही, पगारपत्रक नाही, गेटपासवर ठेकेदाराचा नुसता शिक्का, तोही दर वर्षी वेगळ्या नावाचा. काम कोणते, असे विचारले तेव्हा त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे एक दुमडलेले खोके काढले. मुलाची पुस्तके ठेवायला घरी नेले होते. 'एकावर एक फ्री' अशी जी जोडी आपण दुकानात पाहतो, ती जोडी बांधून, वर प्लॅस्टिक चढवून, किमतीची चिठ्ठी चिकटवून त्या खोक्यात भरायचे काम त्या दिवसाला दहा-दहा तास उभ्याने करत होत्या.

ते खोके आम्ही उलटसुलट करून पाहिले. त्यावर कंपनीचे नाव होते. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता होता. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, कोणत्या कारखान्यात माल बनला त्याचा सांकेतिक क्रमांक, तक्रार करायची झाल्यास ग्राहकाने कोठे फोन करावा तो नंबर, सारे होते. त्या निर्जीव खोक्याला जन्मदाखला होता, सातबारा होता. ते भरणाऱ्या बाईला काहीच नव्हते.

आम्ही नोटिसा पाठवल्या. प्रकरण अजून निकाली निघालेले नसल्यामुळे नावे घेत नाही, आणि नावे महत्त्वाचीही नाहीत, कारण उत्तरे सगळीकडे हीच येतात. माल ज्यांचा, त्यांनी कळवले की गोदाम आमचे नाही, आम्ही ते काम वाहतूक-साठवणूक करणाऱ्या संस्थेला दिले आहे. त्या संस्थेने कळवले की मनुष्यबळ आमचे नाही, ते ठेकेदार पुरवतो. ठेकेदाराने कळवले की पॅकिंगचे काम त्याने पोटठेकेदाराला दिले होते. पोटठेकेदाराच्या पत्त्यावरून नोटीस 'पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा घेऊन परत आली. चार मालक, आणि चौघांपैकी एकही मालक नाही!

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. याच मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल कोणीही उघडून पाहावेत. गुळगुळीत कागद, हिरवी पाने, हसणाऱ्या शेतकरी बायांची छायाचित्रे. त्यात एक शब्द वारंवार येतो, 'शाश्वत पुरवठा साखळी'. म्हणजे काय, तर कच्चा माल पिकतो त्या शेतापासून ग्राहकाच्या घरापर्यंत कोणत्याही टप्प्यावर निसर्गाचा नाश होणार नाही आणि माणसाचे शोषण होणार नाही अशी व्यवस्था. कल्पना चांगली आहे. तिला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण साखळी म्हटली की प्रत्येक कडी मोजावी लागते, आणि मोजणारे नेमके कोठे थांबतात हे पाहण्यासारखे आहे.

सेबीने मे २०२१ मध्ये परिपत्रक काढून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल देणे २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून सक्तीचे केले. जुलै २०२३ मध्ये पुढचे पाऊल टाकले. पहिल्या २५० कंपन्यांनी स्वतःबरोबर आपल्या पुरवठादारांचीही माहिती द्यावी, असे ठरवले. येथपर्यंत ठीक. मग उद्योगांची कुरकुर सुरू झाली. मार्च २०२५ च्या परिपत्रकाने ही पुरवठादारांची माहिती ऐच्छिक झाली आणि एक वर्ष पुढेही गेली. त्याहून महत्त्वाची बारीक अक्षरातली अट अशी की, पुरवठादार म्हणून फक्त तोच मोजायचा ज्याचा वाटा कंपनीच्या एकूण खरेदीत किंवा विक्रीत किमान २ टक्के आहे. वाचकहो, हजारो कोटींची खरेदी करणाऱ्या कंपनीचे २ टक्के म्हणजे किती, याचा हिशेब करा. आमच्या दापोड्याचा, सोनाळ्याचा ठेकेदार त्या चाळणीत कधी तरी अडकेल काय? पाम तेलाचा मोठा व्यापारी अडकेल, प्लॅस्टिकचा मोठा कारखानदार अडकेल. ज्या ठिकाणी शोषण सर्वांत जास्त असते ती कडी लहान असते, आणि लहान म्हणूनच ती अहवालाबाहेर राहते. अहवालाच्या नमुन्यात कंपनीच्या स्वतःच्या कामगारांचे स्त्री-पुरुष आणि दिव्यांग असे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही. वंचित घटकांच्या पुरवठादारांना प्राधान्य देण्याचे धोरण आहे का, हा प्रश्न विचारलेला आहे, पण तोही ऐच्छिक भागात.

एक उदाहरण नाव घेऊन देतो, कारण ते कंपनीने स्वतःच जगाला सांगितलेले आहे. अंधेरीत मुख्यालय असलेली हिंदुस्थान युनिलिव्हर ज्या युनिलिव्हर समूहाची आहे, त्या समूहाने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले की, आम्हाला थेट माल व सेवा पुरवणाऱ्या प्रत्येकाला २०३० पर्यंत जगण्यापुरते वेतन मिळेल. शब्द मोठा होता. एप्रिल २०२४ मध्ये तो बदलला. आता उद्दिष्ट असे की, एकूण खरेदीच्या ५० टक्के रकमेचा व्यवहार ज्यांच्याशी होतो त्या पुरवठादारांनी २०२६ पर्यंत वेतनाच्या प्रतिज्ञेवर सही करावी. 'वेतन मिळेल' येथून 'सही होईल' येथवर तीन वर्षांत प्रवास झाला. ही कंपनी इतरांपेक्षा वाईट आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पुष्कळ कंपन्यांनी तर एवढा शब्दही दिलेला नाही. स्वेच्छेने दिलेले वचन स्वेच्छेने परतही घेता येते, एवढेच यातून दिसते. कायद्याने दिलेला हक्क काढून घ्यायला निदान विधिमंडळात हात वर करावे लागतात.

भिवंडीत या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. २९ एप्रिल २०२३ रोजी भरदुपारी वळपाडा येथील वर्धमान इमारत कोसळली. खाली खाद्यपदार्थांच्या मालाचे गोदाम आणि वर भाड्याने राहणारी कुटुंबे अशी तिची रचना होती. ८ माणसे गेली. एका माणसाला वीसएक तासांनंतर ढिगाऱ्याखालून जिवंत काढले. गुन्हा इमारतीच्या मालकावर दाखल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण एक प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. अशा गोदामांत ज्यांचा माल असतो, त्यांच्यापैकी कोणीतरी एखादा इंजिनियर पाठवून त्या भिंती किती वजन पेलतील हे तपासलेले असते काय? माल ओला होऊ नये, उंदीर लागू नयेत म्हणून कंपन्यांचे तपासनीस येतात हे आम्ही स्वतः पाहिले आहे. बिस्किटाला ओल लागली तर पुरवठादाराचे बिल कापले जाते. छताखाली माणूस सापडला तर ते स्थानिक प्रशासनाचे काम ठरते.

आता कायद्याकडे येऊ, कारण आमच्या बांधवांना वाटते की गोदामाला कायदाच नाही. तसे नाही. वस्तू विकण्यासाठी किंवा पोहोचवण्यासाठी ती बांधणे, भरणे म्हणजेच पॅकिंग करणे ही १९४८ च्या कारखाने कायद्याने 'उत्पादन प्रक्रिया' मानली होती, आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही व्याख्या तशीच आहे. म्हणजे आमच्या त्या भगिनी ज्या पत्र्याखाली 'एकावर एक फ्री' बांधत होत्या ते नुसते गोदाम नव्हते, कायद्याच्या भाषेत तो कारखाना ठरू शकतो. मग तेथे शौचालय लागते, पिण्याचे पाणी लागते, बसण्याची सोय लागते, जादा कामाचा दुप्पट दर लागतो. गैरसोय एवढीच की २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा १० कामगारांवरून २० वर गेली. कंत्राटी कामगारांची मर्यादा १९७० च्या मूळ कायद्यात २० होती, महाराष्ट्राने ती आधीच ५० केली होती, संहितेने तीच देशभर केली. ठेकेदाराच्या वहीत आता ४९ नावे असतील आणि पन्नासावा माणूस दुसऱ्या ठेकेदाराच्या वहीत असेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

पण याच महाराष्ट्राने एकेकाळी या 'मालक कोण' प्रश्नाचे उत्तर साऱ्या देशाआधी दिले होते. १९६९ चा माथाडी कायदा. मशीद बंदरच्या आणि गोद्यांच्या परिसरात पाठीवर गोणी वाहणाऱ्या, टोळीने काम करणाऱ्या हमालाचा मालक कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते. अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि कायदा झाला. त्यात कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगाराचा मालक म्हणजे मुख्य मालक, अशी स्वच्छ व्याख्या आहे. मजुरी थेट कामगाराच्या हातात न देता मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि मंडळाने त्यातून पगार, फंड, बोनस, दवाखाना पाहायचा. ठेकेदार बदलला तरी कामगाराची नोंद मंडळात कायम. आज जगभर 'साखळीतील उत्तरदायित्व' म्हणून ज्याचा गाजावाजा होतो, त्याहून हे निराळे काय आहे? माथाडीच्या नावाखाली खंडणी वसूल करणाऱ्या बोगस टोळ्या आहेत अशी उद्योजकांची तक्रार असते. ती पूर्ण खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. भिवंडीत आम्हीही असे पुढारी पाहिले आहेत. पण गल्ल्यावर चोर बसला म्हणून कोणी बँक बंद करत नाही. दुःख वेगळेच आहे. माथाडीची नोंद मुख्यतः चढ-उतार करणाऱ्या पुरुषांची होते. आत चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या, निवड करणाऱ्या, भरणी करणाऱ्या बायका या कायद्याच्या दारातच उभ्या राहतात. निवड, भरणी, शिलाई ही कामे त्या कायद्याला परकी नाहीत. परकी आहे ती बाई.

आणि आत जातही आहे. पुरवठा साखळीवर बोलणारे तज्ज्ञ हा शब्द उच्चारत नाहीत म्हणून आम्हाला उच्चारावा लागतो. आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत संगणकावर नोंदी घेणारे, फोर्कलिफ्ट चालवणारे एका थरातले असतात. फुटलेल्या बाटल्या, सडलेला, मुदत संपलेला माल वेगळा करण्याचे, गटार आणि शौचालय साफ करण्याचे काम येते तेव्हा मुकादमाची नजर कोणावर जाते हे विचारायची गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांना विचारला होता. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि त्याने बाट होतो असे सवर्ण कामगार म्हणत. पगार जास्त तो विणकाम खात्यातच. साचा आमच्यासाठी बंद होता म्हणून बाबासाहेबांनी संपाच्या मागण्यांत ही मागणी घाला, असा आग्रह धरला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठवड्याचे ४८ तास कायद्यात आणले आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. जयंतीला हार घालणारे हात तेच होते.

साखळीचे मागचे टोक पाहिले तरी चित्र बदलत नाही. बिस्किटात आणि थंड पेयात जी साखर असते ती बीडच्या ऊसतोड बाईच्या हातून येते. राज्याने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने बातमी दिली की महाराष्ट्रातील अशा कारखान्यांची साखर कोकाकोला आणि पेप्सिको या कंपन्यांना जाते, तेव्हा कोठे परदेशी भागधारकांनी मान वर केली. इकडे आपले आमदार, पत्रकार आणि कार्यकर्ते ते कितीतरी आधी सांगत होते. त्याच वर्षी मे महिन्यात हरियाणातील मानेसर येथे ॲमेझॉनच्या गोदामात सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिणार नाही, शौचालयाला जाणार नाही अशी शपथ कामगारांकडून घेतल्याच्या बातम्या आल्या आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केंद्राला नोटीस काढली. म्हणजे भिवंडी एकटी नाही. पण मुंबईच्या इतक्या जवळ, मंत्रालयापासून दोन तासांवर असूनही ती कोणाला दिसत नाही, हे विशेष.

आमचे म्हणणे सोपे आहे. एखाद्या साबणाच्या एका बॅचमध्ये दोष निघाला तर कंपनी दोन दिवसांत सांगते की हा माल कोणत्या कारखान्यातून, कोणत्या गाडीने, कोणत्या गोदामात, कोणत्या दुकानात गेला. इतकी यंत्रणा ज्यांच्याजवळ आहे त्यांना ते खोके कोणी भरले हे कळू शकत नाही, यावर विश्वास ठेवायला आम्ही तयार नाही. त्यांना ते कळून घ्यायचे नाही, कारण कळले की देणे लागते. त्यामुळे मागणी अशी की, २ टक्क्यांची चाळणी काढा आणि ज्या ज्या गोदामात कंपनीचा माल भरला-बांधला जातो त्या प्रत्येक गोदामाच्या दारावर मालधनी कंपनीचे नाव, ठेकेदाराचे नाव व परवाना, किमान वेतनाचा दर आणि तक्रारीचा नंबर मराठी व हिंदीत लावणे सक्तीचे करा. साबणाच्या खोक्यावर जे छापता ते दारावर छापा.

हे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? वाईट संहितेतही दोन-तीन चांगली कलमे राहून गेली आहेत, ती आमच्या बांधवांनी आणि भगिनींनी पाठ करावीत. वेतन संहितेच्या कलम ४३ प्रमाणे ठेकेदाराने पैसे बुडवले तर ज्याची ती आस्थापना आहे त्याच्यावर ती रक्कम देण्याची जबाबदारी येते, आणि या कलमाला ५० कामगारांची अट नाही. किमान वेतनाच्या दाव्याची जुनी मुदत सहा महिन्यांची होती, आता कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांची आहे. आणि कलम ५९ प्रमाणे पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, 'मिळाले नाहीत' हे कामगाराने सिद्ध करत बसायचे नाही. पण कामगार तेथे कामाला होता हे तरी दाखवावे लागते. त्यासाठी गेटपासचा फोटो काढून ठेवा. मुकादमाचे व्हॉट्सॲपवरचे हजेरीचे निरोप पुसू नका. पगार रोख मिळाला तर त्या दिवशीच तारीख आणि रक्कम वहीत लिहा, शेजारणीची सही घ्या. आणि ज्या मालावर काम केले त्याचा बॅच नंबर वहीत उतरवून ठेवा.

त्या भगिनींच्या प्रकरणात दुमडलेले ते खोके आम्ही पुराव्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लावले आहे. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की हे खोके कोणत्याही दुकानाबाहेर मिळते. हरकत चुकीची नाही. मग आम्ही त्यांच्या अशिलाकडे मागणी केली की, या बॅचचा माल कोणत्या तारखांना कोणत्या गोदामात पॅक झाला त्याची नोंद हजर करावी. नोंद त्यांच्याकडे आहे, हे त्यांनी नाकारलेले नाही. त्यांनी वेळ मागून घेतली आहे.